रेती, सोयाबीन तेल आणि पाच बांध्यांचा हिशेब: दोन द्रवांच्या प्रवाहाचं पहिलं मॉडेल

मी खडकातून तेल-पाणी कसं वाहतं याचं मॉडेल करतो, असं आमच्या वरोरा तालुक्यात कोणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मग आमच्या वावरात बोअर कुठं मारू?" त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि हा लेख वाचून तुमच्याकडेही येणार नाही. पण तुम्ही बीएस्सीला असाल, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असाल किंवा बारावीचं गणित अजून विसरला नसाल, तर एका दुपारी नळी भरून आणि एका संध्याकाळी कागदावर हिशेब मांडून या विषयात तुमचा पाय नक्की टेकेल. बहुतेक जण सुरुवातच सॉफ्टवेअरपासून करतात. रंगीत नकाशा पडद्यावर येतो, पण तो बरोबर आहे का हे त्यांना सांगता येत नाही. म्हणून आपण उलट्या बाजूनं जाऊ.

आधी एक गैरसमज काढून टाकू. "दोन द्रव" म्हणजे एकमेकांत न मिसळणारे दोन. तेल आणि पाणी, किंवा पाणी आणि हवा. (हवा द्रव नाही, हे मान्य. परिभाषेत द्रव आणि वायू दोघांना मिळून द्रायू म्हणतात, पण तो शब्द बोलताना कोणी वापरत नाही.) अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा आपल्याला चांगला माहीत असल्यानं पुष्कळ विद्यार्थी तिथूनच सुरुवात करू म्हणतात: खारं पाणी एक, गोडं पाणी दुसरं. पण ती दोन्ही एकमेकांत विरघळतात, मध्ये पडदा राहत नाही. तिथं मिठाचं प्रमाण कसं पसरतं त्याचं समीकरण लागतं, आणि तो वेगळा विषय आहे. आपल्याला हवा आहे पडदा. एका छिद्रात तेलाचा थेंब, शेजारच्या छिद्रात पाणी, आणि दोघंही वाटेसाठी भांडतात.

विदर्भात खनिज तेल नाही. पण कामठी वालुकाश्म आहे, ज्याला नावच नागपूरजवळच्या कामठीवरून मिळालं. वर्धा खोऱ्याच्या कोळसापट्ट्यात तो कोळशाच्या थरांवर बसलेला सापडतो. त्याचा एखादा तुकडा मिळाला तर त्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहा. थेंब आत शोषला जातो. गुजरातेत अंकलेश्वरला १९६० साली तेल लागलं तेही वालुकाश्मातच. बॉम्बे हायचा खडक चुनखडीचा आहे, पण हिशेब तोच.

पहिली पायरी: जागा किती आहे?

एक लिटरची बाटली कोरड्या रेतीनं काठोकाठ भरा, ठोकून ठोकून. आता मोजून पाणी ओता, रेतीच्या तोंडाशी येईपर्यंत. ३५० ते ४०० मिली पाणी मावतं. हीच सच्छिद्रता: ०.३५ ते ०.४०. पाणी हळूहळू, एका कडेनं ओता, नाहीतर हवा आत कोंडते आणि आकडा कमी येतो. ही कोंडलेली हवा म्हणजे तुमचा पहिला "दुसरा द्रव". धानाच्या बांधीत (बांध घातलेल्या शेताच्या तुकड्यात) एकदम पाणी सोडलं की बुडबुडे येतात ना, तीच ही.

दुसरी पायरी: नळी

मिस्त्री लोक भिंतीची पातळी बघायला जी पारदर्शक लेवल पाइप वापरतात, तिचा ६० सेंटिमीटरचा तुकडा घ्या. आतला व्यास १२ मिलिमीटरच्या आसपास असला म्हणजे झालं. नदीची रेती धुऊन, वाळवून, चहाच्या गाळणीतून चाळा. गाळणीतून खाली पडते ती बारीक रेती टाकून द्या, वर उरते तीच वापरा. बारीक रेतीतून तेल ढकलत बसलात तर दिवस जाईल. नळीच्या खालच्या तोंडाला पातळ कापड बांधा आणि रेती चिमटी-चिमटीनं भरा, दर वेळी नळीला बोटानं टिचक्या मारत.

टिचक्यांचं मी उगाच सांगत नाही. माझी पहिली नळी मी घाईत भरली होती. रेती आणि नळीच्या भिंतीमध्ये बारीकशी फट राहिली, आणि सगळं पाणी त्या फटीनं सुर्रकन वर गेलं. मी दोन दिवस समीकरणात चूक शोधत होतो.

आता क्रम महत्त्वाचा. आधी खालून पाणी चढवा, म्हणजे हवा वरून निघून जाते. किती पाणी आत गेलं ते सिरिंजनं मोजा. अशा नळीत साधारण २६ मिली बसतं. मग वरून सोयाबीनचं तेल सोडा. तेल हलकं, त्यामुळे ते वरून पाण्याला खाली दाबत येतं. त्यात आधी चिमूटभर हळद घालून फडक्यानं गाळून घ्या. हळदीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात फारसा नाही. तेल सोडायला सलाइनची रिकामी बाटली आणि तिचा सेट उत्तम. उंची वाढवली की दाब वाढतो, आणि चाकानं धार कमी-जास्त करता येते. बाटली छताच्या कडीला टांगा आणि दुसऱ्या कामाला लागा. ही एक दुपार खाते.

माझा प्रयोग चालू असताना आई दारात येऊन उभी राहिली. "एवढं तेल रेतीत ओतून राह्यला का रे बाबू? बाप्पा!" तेलाच्या भावाचा विषय निघाला, तो बराच वेळ चालला.

तेल खालून बाहेर येऊ लागेपर्यंत त्यानं किती पाणी बाहेर काढलं? माझ्याकडे २१ मिली आलं. म्हणजे ५ मिली आतच अडकलं, आणि कितीही तेल सोडलं तरी ते निघत नाही. रेतीच्या दाण्याला पाणी चिकटून राहतं. हे झालं स्थिर पाणी, छिद्रांच्या जागेचा साधारण पाचवा हिस्सा. आता उलटा खेळ: निळी शाई घातलेलं पाणी खालून वर ढकला. पिवळ्यात निळं चढताना दिसेल. शेवटी, फक्त पाणीच बाहेर येऊ लागल्यावरही, साधारण पाचवा हिस्सा तेल आत राहिलेलं असेल. तेलविहिरीतही असंच होतं. पाणी सोडून सगळं तेल कधीच निघत नाही.

मधे उरलेला ०.६ हिस्सा, म्हणजे सुमारे १६ मिली, हलणारी जागा. पुढचा सगळा हिशेब या १६ मिलीचा. त्यातला किती भाग पाण्यानं भरलाय त्याला आपण "स" म्हणू. नुसतं तेल असेल तर स = ०, हलणारं सगळं तेल निघालं तर स = १. पुस्तकातल्या संपृक्ततेचं हे हलणाऱ्या जागेपुरतं रूप.

तिसरी पायरी: दार्सी, थोडक्यात

फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचं काम करणाऱ्या आंरी दार्सी यांनी रेतीच्या नळ्यांवर प्रयोग केले आणि १८५६ साली छापले. नियम सरळ आहे. दाबाचा उतार जितका जास्त तितका प्रवाह जास्त, द्रव जितका चिकट तितका कमी. खडक द्रवाला किती वाट देतो, हा त्याचा स्वतःचा गुण म्हणजे पार्यता. तिचं एकक दार्सी, चौरस मीटरचा जवळपास एक लाख कोटीवा भाग. हाताला लागेल असं सांगायचं तर एक दार्सीच्या दगडातून, पाण्याला फक्त स्वतःच्या वजनानं खाली जाऊ दिलं तर, दर चौरस मीटरमागे दिवसाला ८०० लिटरच्या आसपास पाणी उतरतं.

सोयाबीन तेलाचा चिकटपणा पाण्याच्या साधारण ५० पट. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंशांना तेल खूप पातळ होतं हे खरं, पण पाणीही पातळ होतं. त्यामुळे गुणोत्तर फारसं हलत नाही. तरी थर्मामीटर जवळ ठेवा आणि प्रयोगाचं तापमान वहीत लिहा.

चौथी पायरी: दोघं मिळून एकापेक्षा कमी

सगळी गंमत इथं आहे. एका रस्त्यावर बैलगाड्या आणि मोटारसायकली दोन्ही असल्या की बैलगाडीवाल्याचंही होत नाही आणि मोटारसायकलवाल्याचंही. रेतीतही तेच. विकॉफ आणि बॉटसेट यांनी १९३६ मध्ये रेतीतून वायू आणि द्रव एकत्र सोडून हे मोजलं: प्रत्येकाला मिळणारी पार्यता त्याच्या हिश्शापेक्षा कितीतरी कमी निघते. पुढं १९५४ मध्ये कोरी यांनी त्यासाठी घातांकाचं साधं सूत्र दिलं, आणि नवख्यानं तेच वापरावं.

आपल्या नळीसाठी मी असं धरतो: तेलाची सापेक्ष पार्यता (म्हणजे पूर्ण पार्यतेचा किती हिस्सा त्याला मिळतो) (१ − स)² आणि पाण्याची ०.३ × स². तो ०.३ अशासाठी, की शेवटी अडकून राहिलेले तेलाचे थेंब नेमक्या मोठ्या छिद्रांत बसतात आणि पाण्याची वाट अडवतात. आता स = ०.५ घालून बघा. तेलाला ०.२५, पाण्याला ०.०७५. बेरीज ०.३२५. जागा दोघांनी निम्मी-निम्मी वाटून घेतली, आणि वाट मात्र दोघांची मिळून एक तृतीयांशसुद्धा उरली नाही. हा एक आकडा डोक्यात पक्का बसला तर पुढचं समजायला सोपं जाईल.

पाचवी पायरी: पाण्याचा वाटा

नळीच्या एखाद्या ठिकाणाहून एकूण जेवढं काही वाहतंय त्यात पाणी किती? पाण्याची पार्यता भागिले त्याचा चिकटपणा ही पाण्याची चपळाई. तेलाचीही तशीच काढायची. वाटा म्हणजे पाण्याची चपळाई भागिले दोघांची बेरीज. ५० पट चिकटपणा आणि ०.३ दोन्ही घातले की सूत्र असं सुटसुटीत होतं:

वाटा = स² ÷ ( स² + (१ − स)² ÷ १५ )

स = ०.२५ घाला. स² होतो ०.०६२५, आणि ०.५६२५ भागिले १५ म्हणजे ०.०३७५. वाटा = ०.०६२५ ÷ ०.१ = ०.६२५. जागा पाव, पण वाहत्या धारेत पाणी साठ टक्क्यांहून जास्त. पातळ द्रव हा असा पुढं घुसतो.

हे सूत्र वापरून पाण्याची आघाडी किती वेगानं सरकते ते बकले आणि लेव्हरेट यांनी १९४२ मध्ये मांडलं. त्यांचं गणित आपण आलेखकागदावर फूटपट्टीनं करू शकतो. आडव्या अक्षावर स, उभ्यावर वाटा. इंग्रजी एसच्या आकाराची वक्ररेषा येते. फूटपट्टी शून्यबिंदूवर टेकवून वर फिरवत न्या, वक्ररेषेला नुसती स्पर्श करेपर्यंत. आपल्या आकड्यांना ती बरोबर स = ०.२५ ला स्पर्श करते. चढ ०.६२५ ÷ ०.२५ = २.५. म्हणजे पाण्याची आघाडी सरासरीच्या अडीचपट वेगानं पुढं जाते, आणि हलणाऱ्या जागेच्या १ ÷ २.५ = ०.४ इतकं पाणी आत गेलं की पलीकडं पहिला निळा थेंब दिसतो. १६ मिलीचे ०.४ म्हणजे ६.४ मिली. नीट भरलेल्या माझ्या दुसऱ्या नळीत तो साडेपाच मिलीला आला. एवढ्या घरगुती सामानात मला ते पुरेसं वाटतं. तुमचा तीन मिलीला आला तर आधी नळीची भिंत बघा.

सहावी पायरी: पाच बांध्या

आता मॉडेल. भंडारा-गोंदियाकडची धानाची शेती पाहिली असेल, किंवा आमच्या चंद्रपूरच्या पूर्वेकडची. एकाखाली एक बांध्या, मध्ये धुरे (बांध), आणि पाणी वरच्या बांधीतून खालच्या बांधीत. नळीचे असेच पाच तुकडे करा. नियम एकच: बांधीत नवीन पाणी = जुनं पाणी + वरून आलेलं − खाली गेलेलं. खाली गेलेलं म्हणजे त्याच बांधीच्या "स" वरून काढलेला वाटा.

एका पावलात एकूण इतकं ढकलू की एका बांधीचा ०.२५ भाग भरेल. सुरुवातीला पाचही बांध्या तेलानं भरलेल्या, स = ०.

पहिलं पाऊल. पहिल्या बांधीत वरून शुद्ध पाणी, वाटा १. खाली जाणारं तेलच, वाटा ०. म्हणून स = ०.२५.

दुसरं पाऊल. पहिल्या बांधीचा वाटा आता ०.६२५. तिच्यात उरतं ०.२५ + ०.२५ × (१ − ०.६२५) = ०.३४४. दुसरीत जातं ०.२५ × ०.६२५ = ०.१५६. बेरीज ०.५. आपण दोन वेळा ०.२५ सोडलं होतं. जुळलं.

तिसरं पाऊल स्वतः करा. उत्तरं सांगून ठेवतो: ०.३९३, ०.२७२, ०.०८५. बेरीज ०.७५.

ही बेरीज जुळवायची सवय सोडू नका. बँकेचं पासबुक जसं आपण लगेच जुळवतो तसं. शेवटच्या बांधीतून पाणी बाहेर पडू लागलं की बाहेर गेलेलंही बेरजेत धरा. मोठ्यातलं मोठं मॉडेल असो, हिशेबात पाणी हरवलं की चूक तुमचीच.

इथं हमखास होणारी एक चूक. धुऱ्यावरचा वाटा काढताना दोन्ही बाजूंच्या बांध्यांची सरासरी घ्यावीशी वाटते. दिसायला ते जास्त न्याय्य दिसतं. घेऊ नका. धुऱ्यावरून काय येणार हे वरची बांधी ठरवते, खालचीला विचारायचं नसतं. सरासरी घेतली की आकडे हेलकावे खायला लागतात आणि मग काहीच सुचत नाही.

सातवी पायरी: संगणक

पाच बांध्यांच्या जागी पन्नास घ्या. पायथनमध्ये हे वीसेक ओळींचं काम आहे: पन्नास शून्यांची यादी, वाटा काढणारं एक फंक्शन, आणि पावलं मोजणारं एक लूप. लॅपटॉप नसेल तर मोबाइलवर गूगल कोलॅबमध्येही चालतं. गणितं एका सेकंदात होतात, त्यामुळे लाइन जायच्या आत संपतात. आमच्याकडे हा मुद्दा गौण नाही.

पावलाची लांबी मात्र जपा. एका पावलात पाणी एका बांधीपेक्षा पुढं जाता कामा नये. आपल्या वक्ररेषेचा सगळ्यात तीव्र चढ ३.४ च्या आसपास आहे. नळीतली सगळी हलणारी जागा १ धरली तर पन्नास बांध्यांत प्रत्येकी ०.०२, म्हणजे पाऊल (एका पावलात ढकललेलं पाणी, आता सगळ्या नळीच्या हिशेबानं) ०.०२ ÷ ३.४ पेक्षा लहान हवं. ०.००५ घ्या. मुद्दाम ०.०१ घेऊनही पाहा. आकडे कसे बिघडतात ते एकदा डोळ्यांनी पाहिलेलं बरं.

आलेख काढलात की आघाडी उभी न दिसता तिरपी, पुसट दिसेल. फूटपट्टीनं तर ती सरळ कड्यासारखी आली होती. हा पुसटपणा खडकाचा नाही, तुमच्या बांध्यांचा आहे. पाण्याचा अंश प्रत्येक पावलाला एक धुरा ओलांडतोच. दोनशे बांध्या करा, पाऊल ०.००१२५ करा, कडा धारदार होत जाईल. ०.४ च्या उत्तराकडे ती सरकतेय का, एवढं बघा.

दाबाचं काय?

आतापर्यंत दाब कुठं आलाच नाही. सिरिंजनं ठरावीक धार ढकलली तर एका नळीत तो लागत नाही. पण तुम्ही सलाइनची बाटली टांगून दाब स्थिर ठेवला असेल तर प्रवाह हळूहळू वाढत जाताना दिसला असेल, कारण चिकट तेल जाऊन पातळ पाणी येतं. आपल्या आकड्यांनी शेवटी तो सुरुवातीच्या पंधरापट होतो. अशा वेळी, आणि दोन-तीन दिशांच्या मॉडेलमध्ये तर नेहमीच, प्रत्येक पावलाला आधी सगळ्या बांध्यांचा दाब एकत्र समीकरणांनी सोडवायचा, त्यावरून प्रवाह काढायचा आणि मग वरचाच हिशेब करायचा. एवढं जमलं की एमआरएसटी किंवा ओपीएमसारखी मोफत सॉफ्टवेअर उघडा. तिथं तुमची हीच नळी आधी चालवून ०.४ येतंय का बघा, मग पुढं जा. सरावासाठी तेलक्षेत्रवाल्यांचा २००१ चा एक प्रसिद्ध नमुना आहे, ६० × २२० × ८५ बांध्यांचा, म्हणजे अकरा लाखांवर.

केशाकर्षण मी मुद्दाम टाळलं. दिव्याची वात तेल वर ओढते, माठ बाहेरून ओला होतो, तीच ओढ रेतीतही असते. दशांश मिलिमीटर त्रिज्येच्या छिद्रात पाणी हवेविरुद्ध १५ सेंटिमीटर चढतं. जाड रेतीच्या नळीत ती दुर्लक्षून भागतं. बारीक दगडात भागत नाही, पण ते दुसऱ्या मॉडेलसाठी ठेवा.

आणि वावराच्या प्रश्नाबद्दल. आपली काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते. पहिला पाऊस त्या भेगांतून थेट खाली उतरतो, मग माती फुगते आणि भेगा मिटतात. बेसाल्टमधलं पाणीही मुख्यतः भेगांतून आणि झिजलेल्या, मुरमाड थरातून वाहतं. आपली नळी असं धरून चालते की सगळीकडे सारखी छिद्रं आहेत. म्हणून कोणी बोअरचं विचारलंच तर मी भूजल विभागाकडे बोट दाखवतो.

नळी जपून ठेवा, तिच्यावर तारीख आणि तापमान लिहून. पुढच्या वेळी तीच आडवी ठेवून प्रयोग करायचा आहे. पाणी तळाशी लवकर पुढं धावतं आणि तेल वर मागे राहतं. रेतीतून निघालेलं तेल मोरीत टाकू नका, मोरी तुंबते. आमच्याकडे ते आईनं गेटच्या बिजागऱ्यांना लावलं.